हँगिंग मोटर आणि डायमंड पेस्ट : घरी डाय पॉलिश करण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरात सोप्यातल्या तुळईला हुक मारून ही मोटर टांगली. आता जुलै चालू आहे. मधल्या काळात अकरा डाय (पत्रा आत दाबून आकार देण्याचे पोलादी साचे) आतून पॉलिश केल्या, त्यातली पहिली वाया गेली. त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही सांगता येईल.

आम्ही हुपरीचे. इथं घराघरांत चांदीचं काम चालतं, बहुतेकांचं पैंजणाचं. आमच्याकडे कुंकवाच्या करंड्यांची झाकणं आणि बुडं निघतात, हातप्रेसवर. डाय कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर करून, हार्डनिंग करून (तापवून कडक करून) आणतो. आतलं पॉलिश बाहेरून करून घ्यायचं तर पैसे वेगळे आणि खेपा वेगळ्या. हे काम घरीच व्हावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

पॉलिशला एवढं महत्त्व का, ते आधी सांगते. डायच्या आत एक रेघ राहिली की त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक झाकणावर ती उमटते. मग बफवर (पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर) कापणारा मसाला लावून झाकण घासत बसायचं. घासली जाते ती चांदी. ही घट आमच्याच खिशातून जाते. शंभर झाकणं घासण्यापेक्षा एक डाय नीट घासलेली केव्हाही परवडते.

मोटर साधीच आहे, सोनार वापरतात तीच. वर टांगलेली मोटर, खाली लवचिक शाफ्ट, हातात धरायचा हँडपीस आणि पायाखाली पेडल. डब्यावर मिनिटाला १८,००० फेरे लिहिलेत. डायच्या कामाला तेवढे कधीच लागत नाहीत. हे मला पहिल्या डायने शिकवलं. नमद्याच्या बॉबला (हँडपीसमध्ये बसणाऱ्या छोट्या गोंड्याला) डायमंड पेस्ट, म्हणजे हिऱ्याच्या बारीक कणांची पेस्ट, लावली आणि पेडल पूर्ण दाबलं. पेस्ट उडून भिंतीवर गेली, बॉब तापला, आणि अर्ध्या तासात डाय आरशासारखी चमकली. मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली बघितलं तर आतला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला होता, आणि तोंडाची गोलाई एका बाजूला जास्त खाल्ली गेली होती.

असं का होतं ते नंतर कळलं. ती डाय डी-टू नावाच्या पोलादाची होती. त्यात साधारण १२ टक्के क्रोमियम असतं आणि त्याचे कार्बाइडचे कडक कण पोलादात विखुरलेले असतात. मऊ नमदा जोरात आणि जास्त वेळ फिरवला की कणांभोवतीचं पोलाद आधी झिजतं, कण वर राहतात. डांबर झिजून खडी वर आलेला रस्ता असतो ना, तसं. शिवाय नमद्याला सपाटी कळत नाही. तो खड्ड्यातही शिरतो आणि उंचवट्यावरही फिरतो. लेथच्या रेघा त्याने जात नाहीत, नुसत्या चकाकतात.

आता माझा निम्म्याहून जास्त वेळ मोटर बंद ठेवूनच जातो. लाकडी दट्ट्याला एमरी पेपर गुंडाळायचा आणि रॉकेलचा ओलावा ठेवून २२०, ४००, ६००, ८००, १२०० असं क्रमानं (नंबर मोठा तसा पेपर बारीक) हातानं घासायचं. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, आधीच्या रेघांना आडवी. म्हणजे जुनी रेघ उरली असेल तर नव्या रेघांत ती वेगळी उठून दिसते. मोबाईलची बॅटरी तिरकी धरून दहापटीच्या भिंगातून बघते. आधीच्या नंबरची एकही रेघ दिसली, तर पुढच्या नंबरला हात लावत नाही. प्रत्येक वेळी डाय साबणानं धुऊन, पुसून, वाळवून घ्यायची. हे कंटाळवाणं आहे, पण यातूनच डाय तयार होते.

पेस्टचं गणित असं. १२०० च्या पेपरवरचा कण साधारण १५ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणून त्यानंतर ९ मायक्रॉनची पेस्ट, मग ३, आणि शेवटी १. दुकानात मला थेट १ मायक्रॉनची दिली होती, 'हीच सगळ्यात भारी' म्हणून. अर्धा दिवस घासून काही फरक पडला नाही. इतक्या बारीक पेस्टला १२०० च्या रेघा उतरत नाहीत. मूगडाळीएवढी पेस्ट पुरते. पाच ग्रॅमची सिरिंज मला चार महिने गेली. प्रत्येक मायक्रॉनचे बॉब आणि काड्या वेगळ्या डब्यात, डब्यावर नंबर लिहून ठेवते. एकदा ९ चा बॉब १ च्या डब्यात गेला आणि झालेलं काम पुन्हा ३ पासून करावं लागलं.

तळाच्या कोपऱ्यात बॉब पोचत नाही. तिथं उदबत्तीची जळून उरलेली बांबूची काडी कामाला येते. टोक चावून जरा कुंचल्यासारखं करायचं, टोकाला पेस्ट, आणि बोटांत फिरवत राहायचं. बांबू कडक असल्यामुळे कोपरा गोल होत नाही.

सगळ्यात मोठा धडा मामांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून मिळाला. त्यांनी मोटर कधी वापरली नाही, हाताने डाय घासण्यात आयुष्य गेलं. माझी तिसरी डाय उन्हात धरून ते म्हणाले, "चमक बघू नगंस, रेघ कुठनं कुठं जातीया ते बघ." लेथच्या रेघा गोल फिरतात आणि पत्रा मात्र तोंडातून खाली सरकतो. म्हणजे प्रत्येक रेघ पत्र्याला आडवी येते आणि त्याला खरवडते. तेव्हापासून डायच्या आतल्या भिंतीवर आणि तोंडाच्या गोलाईवर शेवटचा हात नेहमी वरून खाली, पत्रा जातो त्याच दिशेनं. त्या डायमधून झाकण निघाल्यावर बोट फिरवलं आणि फरक लगेच कळला. आता कापणारा मसाला बहुतेक लागत नाही, नुसत्या लाल मसाल्यावर काम भागतं.

पंच, म्हणजे वरून पत्रा डायमध्ये दाबणारा भाग, मात्र मी ६०० च्या पेपरवरच सोडते. पंचाच्या नाकाने पत्रा थोडा धरून ठेवावा लागतो. तोही आरसा केला तर पत्रा नाकावरून घसरून ताणला जातो आणि झाकण फाटण्याची भीती वाढते. आणि डायच्या तळाला हवेचं भोक हवंच. गुळगुळीत डायमध्ये तेलामुळे झाकण असं चिकटतं की निघता निघत नाही. भोकाचा ठसा झाकणाच्या माथ्यावर येतो, पण तिथं वरून बोंड (धरायची गुंडी) डाग देऊन जोडलं जातं, त्यामुळे तो झाकून जातो.

मोटरच्या तक्रारी दोन. सहाव्या महिन्यात कार्बन ब्रश संपले, बदलावे लागले. आणि शाफ्ट जास्त वाकवला की हँडपीस तापतो, म्हणून हुक आता फूटभर उंच केला. दर दोन महिन्यांनी शाफ्ट काढून पुसून ग्रीस लावते. हातमोजे कधी घालू नका, फिरत्या बॉबमध्ये अडकतात. केस बांधायचे, पदर खोचायचा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

पावसाळ्यात एक नुकसान झालं. ओएचएनएस नावाच्या पोलादाची पॉलिश केलेली डाय रात्री उघडी राहिली. सकाळी तिच्यावर माझ्याच बोटाचा ठसा, तांबूस गंजलेला. या पोलादात क्रोमियम अगदी थोडं असतं, आमच्या हवेत ते एका रात्रीत गंज धरतं. आता काम संपलं की तेलाचा हात आणि वर मेणकागद.

दोन-चार डाय असतील आणि त्या कमी खोल असतील, तर मोटर घ्यायची गरज नाही, पेपर, बांबू आणि पेस्ट पुरेल. माझ्याकडे सध्या अत्तरदाणीच्या बुडाची डाय आली आहे, खोल आणि अरुंद, हँडपीस आत जातच नाही. आज चौथा दिवस, अजून ६०० चाच पेपर चालू आहे.