मैत्रीण गेल्यावर आम्ही तिघी: एका शोकगटाबद्दल

मैत्रीण गेली आणि आम्ही तिघींनी मिळूनच या गटात नाव घातलं. एरवी 'घरचे कोण?' एवढंच विचारतात, मैत्रिणींच्या दुःखाला कुणी मोजत नाही. इथे गट चालवणाऱ्या ताईंनी पहिल्याच बैठकीत आमचं नातं नीट समजून घेतलं. तिथेच बरं वाटलं.

दुःखाच्या पाच अवस्थांचा (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) तक्ता कुणी पुढे केला नाही, हे उत्तम. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं ते वेळापत्रक नव्हेच. एकदा मैत्रिणीचे जुने व्हॉइस मेसेज लावले. 'अगं ऐक ना'ने सुरुवात, मग नुसतं पाल्हाळ, मुद्दा अगदी शेवटी! रडता रडता हसलो.

आमच्यातली एक देवभोळी, एक पक्की नास्तिक. कुणालाही सुधारायचा प्रयत्न झाला नाही. हल्ली एकीच्या प्रार्थनेला दुसरी शेजारी बसते, आणि तिघी मिळून पुढच्या वर्षाचे बेतही आखतो. हे आधी जमत नव्हतं.

खटकलं एवढंच: ऑनलाइन बैठकीत नेमका हुंदक्याच्या वेळी आवाज तुटतो. प्रत्यक्ष बैठक मिळाली तर तीच घ्या.