ओट्याला कोणता दगड: काळा ग्रॅनाइट, पांढरा ग्रॅनाइट, कडप्पा, संगमरवर की क्वार्टझाइट?

ओट्याचा दगड एकदा बसला की पुढची वीस-पंचवीस वर्षं तोच वापरायचा असतो. भिंतीचा रंग बदलता येतो, ट्रॉल्या बदलता येतात. ओटा काढायचा म्हणजे मात्र सिंक, नळ, डॅडोच्या टाइल्स, गॅसची लाइन असं सगळंच उचकटावं लागतं. तरीही दगडाच्या वखारीत गेल्यावर बहुतेक घरांत पहिली चर्चा रंगावर होते. माझ्या मते रंग अगदी शेवटी बघावा. आधी एवढंच बघावं, की या दगडावर लिंबाचा रस सांडला तर काय होईल?

आपल्या स्वयंपाकात आंबट रोज असतं. लिंबू, चिंचेचा कोळ, आमसूल, टोमॅटो, ताक, लोणच्याचा खार यांतलं काही ना काही ओट्यावर सांडतंच. आणि बाजारात मिळणारे दगड नेमके याच बाबतीत दोन गटांत पडतात. संगमरवर, कडप्पा, कोटा आणि शहाबादी हे सगळे चुन्याच्या घराण्यातले, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. ग्रॅनाइट, क्वार्टझाइट आणि आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हे सिलिकेटचे. चुन्याच्या दगडावर आम्ल पडलं की वरचा थर विरघळतो आणि पॉलिशवर फिकट, निस्तेज वर्तुळ उमटतं. ते पुसून जात नाही, कारण तिथला दगडच खाल्लेला असतो. त्यावर इलाज एकच, पुन्हा पॉलिश. दुकानदार सांगतो, ‘सीलर मारला की काही होत नाही.’ सीलर तेल आणि हळद आत झिरपू देत नाही हे खरं, पण आम्लापासून तो दगडाला वाचवत नाही.

कठीणपणाचं गणितही याच दोन गटांप्रमाणे जातं. कठीणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोह्सच्या मापात चुन्याच्या दगडांतलं कॅल्साइट ३ वर येतं, स्टीलची सुरी साधारण साडेपाचवर, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर. त्यामुळे संगमरवर आणि कडप्प्यावर सुरीचे चरे उठतात, तर ग्रॅनाइटवर सुरीच बोथट होते.

काळा ग्रॅनाइट

रोज दोन वेळा फोडणी पडणाऱ्या, कुकर थेट गॅसवरून ओट्यावर उतरणाऱ्या घरासाठी माझी पहिली निवड हीच आहे. दगड दाट असतो, पाणी आणि तेल जवळजवळ पीत नाही, हळद धरत नाही, आंबटाला दाद देत नाही. गरम कढई ठेवली तरी त्याला काही होत नाही.

गंमत म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात यातले बहुतेक दगड ग्रॅनाइट नसतातच. ते डोलेराइट किंवा गॅब्रो असतात, म्हणजे रासायनिक घडणीने आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टचेच नातलग. बेसॉल्टचा लाव्हा जमिनीवर येऊन लवकर थिजला. या दगडांचा रस जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, म्हणून त्यांचे कण मोठे आणि वीण घट्ट. मग महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर वसलेला असताना ओट्याचा दगड दक्षिणेतून का आणायचा? कारण थंड होताना बेसॉल्टला जागोजागी तडे पडले आणि वायूचे बुडबुडे अडकून त्यात भोकं राहिली. त्यातून पाटा-वरवंटा आणि जातं उत्तम घडतं, पण दहा फुटांची अखंड पॉलिशची स्लॅब निघणं कठीण. कोकणातला जांभा तर त्याहून सच्छिद्र, तो भिंतीतच शोभतो.

काळ्यातही प्रकार आहेत. कर्नाटकातल्या चामराजनगरचा आणि तमिळनाडूतल्या कुन्नमचा काळा एकसारखा, बारीक कणांचा असतो. आंध्रच्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ सोनेरी ठिपक्यांचा. ते ठिपके ब्राँझाइट या खनिजाचे, आणि तो दगड जगभर जातो. अमेरिकेत किंवा युरोपात घर घेतलेल्या मराठी माणसाला तिथल्या दुकानात हाच दगड दिसला तर नवल नाही. तेलंगणातल्या करीमनगरचा ‘टॅन ब्राउन’ पूर्ण काळा नाही, तपकिरी फुलांचा आहे, पण पीठ आणि पाण्याचे डाग लपवण्यात तो काळ्याहून सरस.

काळ्याची अडचण तीच. बोअरचं जड पाणी असेल तर नळाभोवती पांढरे ओघळ लगेच दिसतात. रात्री ओटा कोरड्या फडक्याने पुसायची सवय असेल तर हा त्रास उरत नाही. नसेल तर वर्षभरात सिंकची बाजू पांढुरकी दिसू लागते. स्वयंपाकघर अंधारं असेल, उजेड एकाच छोट्या खिडकीतून येत असेल, तर पूर्ण काळा ओटा खोली आणखी दाबून टाकतो. काळ्या मुंग्याही त्यावर चटकन दिसत नाहीत. अशा ठिकाणी टॅन ब्राउन किंवा करडा ग्रॅनाइट बघावा.

खरा धोका फसवणुकीचा. करड्या रंगाची, हलक्या प्रतीची स्लॅब काळा रंग पाजून ‘जेट ब्लॅक’ म्हणून विकली जाते. दोन-तीन वर्षांत गॅसजवळचा आणि सिंकजवळचा भाग उतरतो आणि ओटा तीन छटांचा दिसतो. हे ओळखणं सोपं आहे. पांढऱ्या कापडावर नेलपॉलिश रिमूव्हर किंवा ॲसिटोन घेऊन स्लॅबच्या कोपऱ्यावर जोर लावून घासायचं. कापड काळं झालं तर ती स्लॅब नको. दुकानदार याला नाही म्हणाला तर ते दुकानच नको.

पांढरा आणि फिकट ग्रॅनाइट

हे दिसायला प्रसन्न, उजेड वाढवणारे. राजस्थानातल्या जालोरकडून पुष्कळ येतात, दक्षिणेतूनही येतात. आंबटाचं भय इथेही नाही, सुरीचंही नाही. प्रश्न आहे शोषण्याचा. काही फिकट दगड तेल इतकं पितात की गॅससमोरचा पट्टा कायमचा गडद होतो. त्यांच्यात लोहाची खनिजं असतील तर सिंकजवळ पिवळट छटाही चढते.

तपासायला स्लॅबवर पाण्याचे मोठे थेंब टाकावेत आणि दहा-पंधरा मिनिटं दुसरे नमुने बघत फिरावं. परत आल्यावर थेंबाखालचा दगड गडद दिसला तर तो पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार. असा दगड मनात भरलाच असेल, तर वर्षा-दोन वर्षांनी सीलर मारायची तयारी ठेवून घ्या. ज्या घरात हे होणार नाही त्या घराने गडद रंगाकडे वळावं.

हळदीबद्दल एक सांगतो, म्हणजे पांढऱ्या ओट्याच्या घरात घबराट कमी होईल. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाने लाल होतं, म्हणून डाग पुसताना तो वाढल्यासारखा वाटतो. पण उजेडात ते टिकत नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर हळदीचा डाग हळूहळू आपणच फिका पडतो. तेलाच्या डागाला ही सवलत नाही.

कडप्पा

कित्येक मराठी घरांत आजी-आईचा ओटा कडप्प्याचाच होता, त्यामुळे या दगडाबद्दल मला ममत्व आहे. आंध्रच्या कडपा जिल्ह्यातला हा काळा चुनखडक. स्वस्त, सरळ थरांत निघणारा, कापायला सोपा. पण तो थरांचा असल्याने जड वस्तू आपटली की कडेचे टवके उडतात आणि कधीकधी पापुद्रा सुटतो. लिंबू-चिंचेने पांढरे ठिपके पडतात, काळा रंग दोन-चार वर्षांत राखाडी होतो. खोबरेल तेलाचा हात फिरवून तो पुन्हा काळा दिसतो, पण थोडेच दिवस.

म्हणून आजच्या घरात कडप्प्याची जागा ओट्याच्या खाली आहे, आणि तिथे त्याला तोड नाही. उभे कडप्पे आणि मधल्या मांडण्या यांवर ग्रॅनाइटची स्लॅब बसवली, समोर शटर किंवा ट्रॉल्या लावल्या, की तो ओटा पाण्याने फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. २० मि.मी. काळ्या ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साडेपाच किलोच्या आसपास असतं. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे शंभर किलोंच्या वर. हे वजन सिंकच्या गळतीने भिजणाऱ्या प्लायवर ठेवायचं की दगडावर, याचा विचार मॉड्युलरचं कोटेशन हातात आल्यावर जरूर करा.

भाड्याने द्यायच्या खोलीत, गावाकडच्या घरात किंवा मागच्या दारी भांडी घासायच्या ओट्याला मात्र वरचा दगडही कडप्प्याचा चालतो.

कोटा आणि शहाबादी यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही. एक राजस्थानातल्या कोट्याकडचा, दुसरा कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला, दोन्ही चुनखडक. फरशी म्हणून भक्कम. ओट्यासाठी नकोत.

संगमरवर

मकराण्याचा असो, अंबाजीचा असो की इटलीहून आलेला, रोजच्या ओट्यासाठी मी कोणालाही तो सुचवणार नाही. हा दगड वाईट आहे असं नाही. ताजमहाल मकराण्याच्याच दगडाचा आहे आणि साडेतीन शतकांहून अधिक काळ उभा आहे, पण त्याच्यावर कोणी कैरीचं लोणचं घालत नाही. संगमरवर थंड राहतो, म्हणून पोळपाट त्याचा छान होतो. देव्हाऱ्याला तो शोभतो, पण तिथेही पंचामृत आणि कुंकू लगेच पुसावं. फारच हौस असेल तर गॅस आणि सिंकपासून दूर, कणीक मळायच्या कोपऱ्यापुरता एक तुकडा बसवा.

क्वार्टझाइट

ज्यांना संगमरवराचं रूप हवं आणि ग्रॅनाइटचा टणकपणा हवा, त्यांच्यासाठी हा नैसर्गिक दगड आहे. वाळूचा खडक उष्णता आणि दाबाखाली घट्ट होऊन तो बनतो, कठीणपणा ७ च्या जवळ. दुकानात ‘ताजमहाल’ नावाने मिळणारा क्वार्टझाइट ब्राझीलचा असतो, आग्र्याशी त्याचा संबंध नाही. किंमत भरपूर, आणि कापायला चांगली डायमंड ब्लेड व सरावलेला कारागीर लागतो. लहान गावात तसा मिस्त्री मिळेलच असं नाही. त्यातही काही विक्रेते डोलोमाइटी संगमरवरालाच ‘सॉफ्ट क्वार्टझाइट’ म्हणतात. खरा क्वार्टझाइट काचेवर ओरखडा काढतो आणि लिंबाला जुमानत नाही. पैसे देण्याआधी तुकडा मागून दोन्ही करून बघा.

नावातल्या साम्यामुळे एक घोळ नेहमी होतो. ‘क्वार्ट्झ’ म्हणून मिळणाऱ्या स्लॅब कारखान्यात बनतात, क्वार्ट्झच्या चुऱ्यात रेझिन मिसळून. डाग धरत नाहीत, रंग एकसारखा, पण रेझिनला उष्णता सोसत नाही. गॅसवरून उतरवलेला तवा थेट ठेवला तर कायमची खूण राहते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा माल कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या बारीक धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा स्लॅब बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये आणि क्वार्टझाइटमध्येही क्वार्ट्झ असतोच, तेव्हा दगड कोणताही घेतलात तरी कटिंग पाणी सोडूनच करायला सांगा आणि कारागिरांना मास्क द्या. घरात धूळ होऊ नये हा त्यातला लहान फायदा आहे.

दगड ठरल्यावर

चांगला दगड वाईट बसवला तर पैसे वाया जातात, म्हणून वखारीत आणि कामावर या गोष्टींबाबत ढिलाई नको. जाडी १८ ते २० मि.मी. घ्या. पातळ स्लॅबला पुढे डबल पट्टी लावून जाड दाखवतात, तेव्हा कडेवरून न मोजता मधल्या भागाची जाडी बघा. स्लॅब उभी करून पाणी फिरवा, केसासारखी चीर असेल तर पाणी सुकताना ती ओली रेघ म्हणून दिसते. मागे जाळी चिकटवलेली असेल तर का चिकटवली हे विचारा.

सिंक आणि हॉबचं कटिंग ही ओट्याची सगळ्यात कमजोर जागा. आतले कोपरे काटकोनात न ठेवता गोल कापले पाहिजेत, कारण तडा नेहमी धारदार कोपऱ्यातून सुरू होतो. जोड सिंकच्या मधोमध येऊ देऊ नका. नारळ ओट्याच्या कडेवर फोडायची सवय असेल तर ग्रॅनाइटचाही टवका उडतो, ती मोडा. खलबत्ता उभ्या कडप्प्याच्या बरोबर वर ठेवा, दोन आधारांच्या मधल्या भागावर नको. पुढच्या पट्टीच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी शटरवर न जाता तिथूनच खाली टपकतं. कोटेशनमध्ये ती सहसा नसते, सांगितली तरच करतात. ओटा किंचित सिंककडे उतरता हवा, पाणसळ लावून बघा.

काम संपताना सिमेंट काढायला ॲसिड ओतायची पद्धत आहे. ग्रॅनाइट ते सोसेल, पण खालचे कडप्पे आणि जमिनीवरचा कोटा एका दिवसात खराब होतो. ॲसिडची बाटली घरात येऊच देऊ नका. सिंकसाठी कापलेला तुकडा मिस्त्री सहसा घेऊन जातो. तो पैसे भरलेल्या स्लॅबचाच भाग आहे. मागून घ्या, कडा घासून घ्या आणि जेवणाच्या टेबलावर गरम भांडी ठेवायला वापरा.