टर्बोसाठी फोर्ज्ड पिस्टन: ४०३२ की २६१८?

४०३२ आणि २६१८ हे फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनचे ॲल्युमिनियम मिश्रधातू. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. त्यामुळे पिस्टन तापल्यावर कमी फुगतो, बोअरमधली (सिलिंडरच्या पोकळीतली) फट कमी ठेवता येते आणि पिस्टनवरच्या रिंगच्या खाचा जास्त टिकतात. रोजच्या गाडीला, माफक बूस्टला (टर्बो इंजिनात भरतो त्या हवेच्या जादा दाबाला) हाच बरा.

२६१८ मध्ये सिलिकॉन नगण्य. तो जास्त फुगतो, म्हणून फट वाढवावी लागते. थंड इंजिन टकटक करतं, तापलं की थांबतं. पण नॉकिंगचा (इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या धक्क्यांचा) मार ४०३२ ला तडा देतो, तिथे २६१८ तग धरतो. जास्त बूस्टला तोच घ्यावा.

रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) मात्र दोन्हींत वाढवा: ८६ मिमी बोअरला वरच्या रिंगसाठी साधारण ०.४५ ते ०.५ मिमी. तापून टोकं भिडली, तर रिंग सिलिंडर ओरबाडते आणि पिस्टनची रिंग लँड (रिंगच्या खाचांमधली कड) तुटते.