साठ कागदांची ऑर्डर आणि ग्रेनचा प्रश्न

“ग्रेन लांबीला हवा की रुंदीला?”

माझ्या पहिल्या ऑर्डरवर या कागद पुरवठादाराकडून आलेला हा पहिला प्रश्न. ऑर्डर होती साठ कागदांची. ए-फोर आकार, १०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन १०० ग्रॅम), किंचित पिवळसर पांढरा. रीममध्ये ५०० कागद असतात, म्हणजे माझी मागणी रीमच्या आठव्या हिश्श्याइतकीही नव्हती. वजन केलं तर जेमतेम पावणेचारशे ग्रॅम. सोबत दोन मिलिमीटर जाडीचे सहा पुठ्ठे आणि एक मीटर बाइंडिंग क्लॉथ. मी हाताने शिवून वह्या करते आणि तेव्हा मला फक्त तीन नमुना वह्या करून बघायच्या होत्या.

हा प्रश्न मला इतका का भिडला ते सांगते. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने झोपतात, त्या दिशेला ग्रेन म्हणतात. ओल लागली की तंतू लांबीला फारसा वाढत नाही, रुंदीला फुगतो. वहीच्या पाठीला, म्हणजे पानं शिवतात त्या कडेला, ग्रेन समांतर नसेल तर खळ लावल्यावर पानं पाठीजवळ लहरी घेतात आणि वही सपाट उघडत नाही. जाड कागद तर आडव्या ग्रेनवर दुमडला की घडीवर फाटल्यासारखा दिसतो. ए-फोर कागद मधोमध दुमडून ए-फाइव्ह वही करायची तर घडी आखूड बाजूला समांतर पडते, म्हणून ग्रेनही आखूड बाजूचा लागतो. सहज मिळणारा ए-फोर बहुधा लांब ग्रेनचा असतो. मला हे तेव्हा अर्धवट माहीत होतं. समोरच्या माणसाने विचारलं नसतं तर मी लांब ग्रेनचा कागद घेऊन बसले असते आणि वह्या का बिघडल्या याचा शोध घेत राहिले असते.

त्याआधी मी दुसऱ्या एका पुरवठादाराकडे गेले होते, त्यांचं नाव इथे घेत नाही. नऊ दिवसांनी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, “किमान दहा रीम.” मी पुन्हा लिहिल्यावर त्यांनी उपकार केल्यासारखा माल पाठवला. कोपरे दबलेले होते. त्याहून वाईट म्हणजे गठ्ठ्यात दोन वेगवेगळ्या लॉटचे कागद मिसळले होते. एकेक पान हातात घेतलं तर फरक कळत नव्हता, पण वही मिटल्यावर कडेला पांढऱ्याच्या दोन छटांचे पट्टे स्पष्ट दिसायचे. तक्रार केली तर “एवढ्याशा मालाला कोण बघत बसणार?” मला राग नकाराचा नव्हता. नऊ दिवस थांबवायला नको होतं, आणि एकदा ऑर्डर घेतली की ती नीट द्यायला हवी होती.

पुरवठादाराची अडचण खरी आहे. ऑर्डर साठ कागदांची असो की साठ रीमची. बिल करायचं काम तेवढंच, फोन तेवढेच, कटिंग मशीनवर माप बसवायला वेळ तेवढाच. हा ठरलेला खर्च थोड्या नगांवर पडला की प्रत्येक नग महाग होतो. फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ सालीच याचं गणित मांडलं होतं: दर खेपेचा ठरलेला खर्च एका बाजूला, माल साठवण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही मिळून सर्वांत कमी खर्च येईल ते किफायतशीर प्रमाण. म्हणून किमान ऑर्डरची अट घालणाऱ्याला मी लोभी म्हणणार नाही.

पण त्या गणितातला ठरलेला खर्च काही दगडावरची रेघ नाही. टोयोटात १९६९ साली पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागायचे. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने तिथल्या लोकांसोबत आधी तो वेळ दीड तासावर आणला आणि मग तीन मिनिटांवर. साचा बदलणं स्वस्त झालं की थोडे नग करणंही परवडतं.

माझ्या पुरवठादाराने आपल्या परीने हेच केलं आहे. छोट्या ऑर्डरी ते आठवडाभर जमवतात आणि फक्त गुरुवारी कापतात. एकाच जातीच्या कागदाच्या चार-पाच मागण्या एका मापात बसवून. मोठ्या कामातून उरलेल्या चांगल्या तावांची यादी वेगळी ठेवतात. हाताळणीचा खर्च बिलात वेगळ्या ओळीत दाखवतात, कागदाच्या दरात लपवत नाहीत. पैसे आगाऊ घेतात. मला हे सगळं मान्य आहे. छोट्या ऑर्डरची कदर करा म्हणताना मी दहा रीमचा दर साठ कागदांना मागत नाही. तो मागणारे ग्राहक पाहिले की मला पुरवठादाराचीच बाजू पटते.

उणिवा आहेत. गुरुवार चुकला की पुढचा आठवडा, घाईच्या कामाला उपयोग नाही. एकदा पुठ्ठे दोन मिलिमीटर आखूड आले. दोन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण पानं पुठ्ठ्याबाहेर डोकावायला तेवढे पुरतात. मी फोटो पाठवले, मोजपट्टी ठेवून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चूक मान्य केली आणि त्या गुरुवारी नवे पुठ्ठे आले, वाहतुकीचा खर्च न लावता. क्लॉथच्या रंगांचा नमुनापत्ता मात्र अजून जुनाच आहे. त्यातले तीन रंग आता येतच नाहीत. ही गोष्ट मी दोनदा सांगितली आहे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. सुरुवातीला मी प्रत्येक ऑर्डरखाली लिहायचे, “पुढे मोठी ऑर्डर नक्की येईल.” चौथ्या वेळी त्यांचा फोन आला. “ताई, पुढचं लिहू नका. वहीची पाठ केवढी, शिलाई किती फर्म्यांची, तेवढं लिहा. त्यावरून मी कागद नीट देऊ शकतो.” (फर्मा म्हणजे एकत्र दुमडून शिवायच्या पानांचा गठ्ठा.) नव्या ग्राहकाची कदर करा, तो उद्या मोठा होईल, असं बरेच जण सांगतात. मला ते कारण अपुरं वाटतं. कितीतरी बांधणीकार आयुष्यभर शंभर-दोनशे कागदांवरच काम करतात आणि उत्तम करतात. त्यांची ऑर्डर आजच्या कामासाठी आहे, आजच्या पैशात आहे. तिला उद्याचं तारण का लागावं?

मी स्वतः आता वर्षाला चौदा रीम घेते, पण माझ्याशी बोलण्याची त्यांची पद्धत साठ कागदांच्या वेळी होती तीच आहे. हाताने बांधणी करणाऱ्यांनी, नवं काही करून बघणाऱ्यांनी यांच्याकडे जरूर जावं. माप मिलिमीटरमध्ये लिहा, ग्रेन कळवा, बुधवारच्या आत पैसे भरा. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा त्या नमुनापत्त्यासाठी राखून ठेवला आहे.

मागच्या महिन्यात वेगळ्या जातीचा कागद बघायचा होता म्हणून पुन्हा साठच मागवले. पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावलेल्या, वर लॉट क्रमांक, आणि पेन्सिलीने काढलेला एक बाण: ग्रेन या दिशेला.