प्लेअरसाठी दोन हजारांतले इअरबड: मूनड्रॉप चू २ घ्यावेत की दुसरे?

खिशात वेगळा म्युझिक प्लेअर ठेवणाऱ्यांनी दोन हजारांच्या बजेटमध्ये ब्लूटूथचा नाद सोडावा आणि सरळ वायरवाले घ्यावेत. ब्लूटूथच्या जोडीत त्याच पैशांत बॅटरी, चिप, माइक आणि चार्जिंगची डबी एवढं सगळं बसवायचं असतं, मग प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या ड्रायव्हरच्या वाट्याला थोडंच उरतं. शिवाय आयपॉड क्लासिकसारख्या जुन्या प्लेअरला ब्लूटूथ नाहीच. आणि ती इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, बदलून मिळणं कठीण. सोलापूरच्या एप्रिल-मेमधल्या ४२-४३ अंशांत गाडीच्या डिकीत रोज राहिली तर त्याच्याही आधी. वायरवाल्यात सगळ्यात आधी जाते ती वायर, आणि ती सुटी निघणारी असेल तर काही शे रुपयांत नवी येते.

या किमतीत आमची पहिली पसंती मूनड्रॉप चू २. १० मिमीचा एकच डायनॅमिक (म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा) ड्रायव्हर, विजेला होणारा अडथळा १८ ओहम, आणि संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या विजेवर आवाज किती मोठा निघतो ती, ११९ डीबी प्रति व्होल्ट. म्हणजे कमी ताकदीचा प्लेअरही तो सहज वाजवतो. पहिल्या चूची वायर कायमची जोडलेली होती, ती तुटली की सगळंच बाद. चू २ ला ०.७८ मिमीच्या दोन पिनांची सुटी वायर आहे आणि कानात जाणारी पुढची नळीही आट्यांची असल्यामुळे बदलता येते. आवाज समतोल आहे. गाणाऱ्याचा गळा पुढे, हार्मोनियमची कडा स्पष्ट, आणि डग्गा घुमतो पण बाकीच्यावर पसरत नाही. नाट्यसंगीत, भजन, जुनी मराठी, तेलुगू किंवा कन्नड गाणी ऐकणाऱ्याला हाच बरा. उणीव वायरची: पातळ आहे, गुंतते, कपड्याला घासली की खरखर कानात येते. कानामागून घेतली की ती बरीच कमी होते. घेताना एक बघा. 'चू २ डीएसपी' नावाचाही प्रकार मिळतो. त्याला टाइप-सी पिन असते, ती प्लेअरच्या ३.५ मिमीच्या गोल जॅकमध्ये जाणार नाही.

हलगी, ढोल, डीजे मिक्स असं ऐकणं जास्त असेल तर सेव्हनहर्ट्झ झीरो २ बघा. खालचा बेस चू २ पेक्षा भरीव आहे आणि तरी गळा दबत नाही. ३२ ओहमचा असल्यामुळे व्हॉल्यूम थोडा जास्त चढवावा लागतो. प्लास्टिकचा, हलका, पण नळी जाडसर. लहान कानाच्या माणसाला तासाभराने टोचू शकते. हजाराच्या आत काम भागवायचं असेल तर केझेड ईडीएक्स प्रो. दणका भरपूर आहे, पण झांजांचा आवाज तीक्ष्ण लागतो आणि गाणारा एक पाऊल मागे जातो. त्याची वायर चू २ ला लावायला जाऊ नका, पिनेभोवतीच्या प्लास्टिकच्या टोपीमुळे ती सपाट सॉकेटमध्ये नीट बसत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी '२० ते ४०,००० हर्ट्झ' सोडून द्या. तरुण कानही २०,००० च्या पुढचं ऐकत नाही. संवेदनशीलतेचा आकडा मात्र नीट वाचा, कारण कुणी तो प्रति व्होल्ट देतं, कुणी प्रति मिलीवॅट. चू २ चे ११९ डीबी प्रति व्होल्ट म्हणजे साधारण १०२ डीबी प्रति मिलीवॅट. तेव्हा तितक्याच ओहमचा आणि '१०५ डीबी प्रति मिलीवॅट' लिहिलेला इअरफोन आकडा लहान दिसूनही जास्त मोठा वाजेल.

माइकवाले घ्यायचे का? प्लेअरसाठी नकोच. माइकवाल्या इअरफोनच्या पिनेला तीन काळ्या रेघा, म्हणजे चार भाग असतात. साध्या पिनेला दोन रेघा, तीन भाग. काही जुन्या प्लेअरच्या जॅकमध्ये चार भागांच्या पिनेचा ग्राउंड, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक परतीची जोडणी, जुळत नाही आणि मग विचित्र प्रकार होतो: वाद्यं ऐकू येतात, पण गाणाराच गायब! डाव्या-उजव्या बाजूंत सारखा असलेला आवाज एकमेकाला खोडतो म्हणून असं होतं. माइकचं बटण दाबून धरलं आणि गळा परत आला, की दोष पिनेचा हे समजावं. इअरफोन किंवा प्लेअर खराब समजून दुरुस्तीला टाकू नये.

आता फिटिंग, आणि खरं तर सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. "बेसच नाही" अशी तक्रार बहुतेक वेळा नळीवर चढवायच्या रबराच्या चुकीच्या मापामुळे असते. कान आणि रबर यांच्यात जराशी फट राहिली तरी खालचा आवाज निसटतो. खोक्यातून येणारं मधलं माप तसंच ठेवू नका. आधी मोठं लावा, दुखलं तरच खाली या. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तरी त्यात गैर काही नाही. वायर कानामागून घ्या, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढा, इअरबड हळूच फिरवत बसवा, मग कान सोडा. गाणं न लावता बोलून बघा. आपलाच आवाज डोक्यात घुमला तर फट राहिलेली नाही. घालताना पापड मोडल्यासारखा बारीक आवाज आला तर घाबरू नका. आत कोंडलेल्या हवेने ड्रायव्हरचा पडदा लवतो, त्याचा तो आवाज. सावकाश घातलं की येत नाही.

नवी पेठेतल्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल मागा. वॉरंटीला तेच लागतं. दुकानात जाताना स्वतःचा प्लेअर न्या. एकाच माणसाच्या गाण्याने सुरुवात करा: गळा बरोब्बर मध्ये ऐकू यायला हवा. एकीकडे सरकला तर रबर त्या त्या कानाचंच ठेवून दोन्ही बड अदलाबदल करून घाला. तरीही त्याच बडकडे ओढला गेला तर तो पीस घेऊ नका. मग पिन जॅकमध्ये फिरवून बघा, खरखर यायला नको. शेवटी गाणं थांबवून शांततेत सूं-सूं ऐका. ती असली तर बहुधा प्लेअरची असते, इअरफोन बदलून जाणार नाही. कानात जाणारी वस्तू म्हणून बरेच विक्रेते पैसे परत देत नाहीत, फक्त बदलून देतात. ते आधीच विचारा.

हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये किंवा यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी ऐकणार असाल तर फोमचे रबर वेगळे घ्या. बाहेरचा आवाज जास्त अडतो, म्हणून व्हॉल्यूम कमी ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डीबी ही आहे, आणि गोंगाटावर मात करायला व्हॉल्यूम चढवला की ती कधी ओलांडली ते कळतही नाही. फोम मात्र काही महिन्यांत सैल पडतो, तो खर्च धरून चाला.

वापरता वापरता एक बाजू हळू वाजायला लागली तर बहुतेक वेळा जाळीत मळ किंवा घाम अडकलेला असतो. रबर काढा, नळीचं तोंड खाली धरा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने जाळी टिपून घ्या. तोंड वर धरलंत तर मळ आणि अल्कोहोल दोन्ही आत ड्रायव्हरवर उतरतील. इअरफोन ठेवायच्या डबीत सिलिका जेलची, म्हणजे ओल शोषणारी, पुडी टाकून ठेवा. आणि एक बाजू पूर्णच बंद पडली तर आधी प्लेअरचा जॅक उजेडात धरून बघा. कारखान्यात किंवा चादरीच्या दुकानात वावरणाऱ्याच्या खिशात सुताचे तंतू जमतात, ते जॅकच्या तळाशी दबून बसतात आणि पिन पूर्ण आत जात नाही. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने ते अलगद उकरून काढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतली पत्र्याची स्प्रिंग वाकते आणि मग जॅकच बदलावा लागतो.