बुजऱ्या तट्टाची कानटोपी: ताशा अडतो, ढोल अडत नाही

घोड्याच्या सामानाच्या दुकानांत हल्ली जाड अस्तराच्या कानटोप्या दिसतात. वरून विणलेलं सूत, कानांच्या खोळीत मऊ फोमचं अस्तर आणि कपाळावर उतरणारा त्रिकोणी तुकडा. 'आवाज अडवते, घोडा शांत राहतो' असं सांगून विकतात. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे. दुसरं तुमचं तट्टू कशाला बुजतं त्यावर ठरतं.

आधी आवाजाचं. एवढ्या जाडीचं मऊ अस्तर चिरका, उंच आवाज बऱ्यापैकी मारतं. ताशाची तडतड, शिट्टी, कर्ण्यातली किंचाळी यांची धार जाते. ढोलाचा ठोका किंवा डीजेचा धमधमाट मात्र जवळपास तसाच पोचतो, कारण खालच्या सुरातला आवाज इतक्या पातळ थराला दाद देत नाही, शिवाय तो जमिनीतून आणि अंगातूनही जाणवतो. त्यामुळे पथक जवळ आल्यावर तट्टू कान न हलवता नुसतं अंग आखडून उभं राहिलं, तर टोपी खराब आहे असं समजू नका. तिचं काम तेवढंच आहे.

विकत घेण्याआधी एक चाचणी करा. तट्टाला दिसणार नाही अशा भिंतीआडून कुणाला तरी पत्र्याचा डबा वाजवायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, काहीही आवाज न करता, पांढरी गोणी पसरून ठेवा. डब्याला उडालं आणि गोणीजवळून नाक फुरफुरवत का होईना पण गेलं, तर टोपीचे पैसे वसूल होतील. उलट झालं, म्हणजे डब्याकडे दुर्लक्ष आणि गोणीला चारी पाय रोवले, तर पैसे खिशातच ठेवा. नजरेला बुजणाऱ्या जनावराचे कान झाकले की ते जास्तच बावरतं. घोड्याला जवळपास चौफेर दिसतं, पण थेट पाठीमागचं दिसत नाही. तिथली खबर कानच देतात. टोपी घातलेल्या तट्टामागे मोटारसायकल आली तर त्याला उशिरा कळतं आणि लाथ आधी बसते. मागच्या माणसाला दोन घोडे बसतील एवढं अंतर ठेवायला सांगा.

आता खरी अडचण, जी टोपीच्या खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. या टोप्यांचा माप-नमुना सरळ कानांच्या परदेशी घोड्यांवरून घेतलेला असतो. भीमथडी या दख्खनी जातीच्या सरळ कानांना 'पोनी' माप बहुतेकदा बसतं. मारवाडी आणि काठेवाडी जनावरांचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे. सरळ शिवलेल्या खोळीत ते टोक दुमडतं किंवा शिवणीला घासतं. मग तट्टू सारखं डोकं झटकतं आणि स्वार समजतो की गर्दीला बुजलंय. टोपी काढून कानाचं टोक पाहा: केस उलटे फिरलेले किंवा कातडी लालसर दिसली तर दोष टोपीचा. उपाय सोपा आहे. खोळीची आतली बाजू उसवून ती आत कलती करून शिंप्याकडून पुन्हा शिवून घ्या आणि शिवण बाहेरच्या अंगाला काढा. टोकाशी बोटभर जागा मोकळी हवी. दुकानात जाताना सुतळीने दोन मापं घेऊन जा: कानाच्या मुळापासून टोकापर्यंत आणि दोन कानांच्या मुळांमधलं अंतर.

घालताना कपाळावरची बट सरळ खाली ओढून मगच टोपी चढवा, दबलेली बट टोचते. टोपी लगामाच्या पट्ट्यांखाली जाते. कपाळपट्टी बसवल्यावर कानांमागे दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. मागची कडा पट्ट्याखाली चुरगळली तर तासाभरात तिथे वळ उठतो.

पहिल्यांदा टोपी जत्रेत चढवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आठ-दहा दिवस आधीपासून सवय लावा. सुरुवातीला पागेत, तोबरा (तोंडाला अडकवायची चंदीची पिशवी) लावलेला असताना पाच मिनिटं. मग लगामासकट हातात धरून फिरवणं, मग रपेट, शेवटी मोबाइलवर ताशा बारीक आवाजात. टोपीत तुमचा आवाजही दबतो हे लक्षात असू द्या. ज्याला नुसत्या 'हो, हो'वर थांबायची सवय आहे त्याला आता लगाम आणि बैठकीनेच सांगावं लागेल. एरवी तेजीला इशारत पुरते, टोपीखाली तेजीलाही टुमणी लागते. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे बोटांनी खाजवणं मात्र टोपी असो-नसो उपयोगी पडतं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीच्या थंडीत टोपी निभावते. चैत्रातल्या जत्रेत भर दुपारी अस्तर घामाने चिंब होतं, म्हणून रिंगणातून बाहेर आल्यावर ती उतरवा. पण रिंगणाच्या तोंडाशी नको. दबलेला आवाज एकदम मोकळा झाला की तट्टू चौखूर उधळतं. आधी लांब, शांत कोपऱ्यात न्या, मोरखी (बांधायची दोरी) गळ्यात अडकवा आणि मगच लगाम व टोपी काढा. पंचांनाही आधी विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजच्या (शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेच्या) नियमांत कानटोपी चालते, कानात बोळे चालत नाहीत. आपल्याकडे रेवाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणाऱ्या वेगवान चालीच्या स्पर्धेत टोपीला कुणी हरकत घेतली नाही तरी जातिवंतपणा पाहायचा असेल तिथे ती काढावीच लागणार, कारण मारवाडीची निम्मी ओळख त्या कानांत आहे.

धुण्याबद्दल एकच. गडद लाल आणि निळ्या टोप्या पहिल्या दोन धुण्यांत रंग सोडतात. घामाने तो रंग नुकऱ्याच्या, म्हणजे पांढऱ्या घोड्याच्या कपाळावर उतरतो आणि खराऱ्याने घासूनही निघत नाही. वापरण्याआधी थंड पाण्यात दोनदा धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, सावलीत वाळवा. उन्हात फोम कडक होतो आणि मग टोकाशी ठेवलेली ती बोटभर जागा पुरत नाही.