शाळेची सहल: कणकुंबी की सौंदत्ती?

देवदर्शन आणि निसर्गाचा धडा एकाच दिवसात साधायचा, तर बेळगावच्या शाळांना मलप्रभेकाठी दोन जागा आहेत.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ नदी उगम पावते. उंची सुमारे ७९२ मीटर, भोवती घाटमाथ्याचं दाट रान. तीर्थाला हात जोडणारं पोर ‘हे पाणी येतं कुठून?’ असं आपसूक विचारतं. मग जांभा, पालापाचोळा, मुळं, पाऊस मुरणं, सगळं तिथंच दाखवता येतं. आठवी-नववीला कळसा-भांडुराचा पाणीवादही, म्हणजे म्हादईच्या या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक-गोव्यात असलेला तंटाही, सांगावा. तो वगळून उगम दाखवणं मला अर्धवट वाटतं. ऐन पावसाळ्यात मात्र नको. जळवांपुढे कुणाचं लक्ष धड्यात राहणार?

सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर आणि जवळच नविलुतीर्थ धरण. मुलूख कोरडा, झाडी विरळ. इथला खरा विषय गर्दीचा: पौर्णिमेच्या यात्रेनंतर डोंगरावर काय उरतं, ते मुलांनी पाहावं. यात्रेच्या दिवशी मात्र मुलं सांभाळण्यातच शिक्षकांचा जीव जाईल.

एकच सहल परवडत असेल तर माझं मत कणकुंबीला. लहान वर्गांना तर नक्कीच.